फुली दाबली, पण प्रोग्राम गेलाच नाही

सोयाबीनच्या दिवसांत लातूरच्या मोंढ्यातून फोन आला, "सर, काट्यावर आकडा दिसायलाय, पण कॉम्प्युटरात वजन येईना गेलंय." काटेवाला आधीच केबल बदलून पैसे घेऊन गेला होता. लोक आधी लोखंडावर संशय घेतात.

आडतीवर पोचल्यावर टास्क मॅनेजर उघडला. 'जावाडब्ल्यू', म्हणजे जावातला प्रोग्राम चालवणारं, दोनदा दिसलं. एक समोरचं, दुसरं मुनीमजींनी सकाळी बंद केलेलं. "फुलीवर मारलं की बंदच व्हायलंय की," ते म्हणाले. विंडो जात होती, प्रोग्राम मात्र आत जिवंत आणि कॉम पोर्ट, म्हणजे काट्याचं वजन ज्यातून येतं तो सिरियल पोर्ट, धरून बसलेला. विंडोजमध्ये सिरियल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो, त्यामुळे नव्या विंडोत वजन येणार कुठून?

प्रोग्राम जावा स्विंगमधला (जावातलं विंडो बनवायचं साधन), दुसऱ्या कुणी केलेला. जेफ्रेमला, म्हणजे त्यातल्या मुख्य विंडोला, वेगळं सांगितलं नाही तर फुलीनं तो फक्त लपतो. पोर्ट सोडायचा कोड होता, पण 'विंडोक्लोज्ड'मध्ये. ती इव्हेंट, म्हणजे प्रोग्रामला मिळणारी सूचना, विंडो डिस्पोज झाल्यावरच, म्हणजे कायमची मोडल्यावरच येते, नुसत्या लपलेल्या विंडोला येतच नाही. कोड हवा होता फुली दाबताच येणाऱ्या 'विंडोक्लोजिंग'मध्ये. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. पोर्ट अडकल्याचा एरर रोज येत होता आणि रिकाम्या कॅच ब्लॉकमध्ये (एरर पकडायच्या कोडमध्ये) गडप होत होता. तो स्क्रीनवर दिसला असता तर केबलचा खर्च वाचला असता. असा कोड लिहिणं हा बेजबाबदारपणाच आहे.

'एक्झिट ऑन क्लोज' (फुलीनं सगळा प्रोग्रामच बंद) लावा, एका ओळीचं काम, असं सहकारी म्हणाला. मी नाही लावलं. कट्टे मोजून झालेत, हमाली-तोलाई लागायची आहे, अशी अर्धी पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब) त्यात उडून जाते. मी 'डू नथिंग ऑन क्लोज' (फुलीनं आपोआप काहीच होत नाही) ठेवलं आणि विंडोक्लोजिंगमध्ये क्रम लावला: अर्धी पट्टी कच्ची म्हणून जपायची, वजन वाचणारा थ्रेड (प्रोग्राममध्ये वेगळं चालू असलेलं काम) थांबवायचा, पोर्ट सोडायचा, मग डिस्पोज. थ्रेड चालू राहिला तर डिस्पोजनंतरही जावा बंद होत नाही.

एक गोष्ट अजून सुटली नाही. मालकांना बंद करताना "पट्टी ठेवायची का?" असा प्रश्न हवाय, कारण कच्च्या पट्ट्या संध्याकाळच्या हिशोबात आडव्या येतात. समोर शेतकरी ताटकळत असताना मुनीमजी तो प्रश्न न वाचताच 'नाही' दाबणार, हे मी मोंढ्यात पाहिलंय. सध्या प्रश्न न विचारताच पट्टी जपली जाते, आणि मालक अजून नाराज आहेत.