माझा अनुभव: कादंबरीतली सुटका ओहोटीत अडकली तेव्हा

माझ्या किशोर कादंबरीचा पहिला खर्डा दीड वर्षाने पुरा झाला. समुद्रातल्या किल्ल्यावर राजाने डांबलेली खलाशांची मुलं, त्यांचं बंड, आणि अवसेच्या मध्यरात्री ओहोटीने उघड्या पडलेल्या वाळूवरून चालत जाऊन गाठलेलं गलबत. जग काल्पनिक, आकाशात दोन चंद्र. किल्ला मात्र डोळ्यांसमोर अलिबागचा कुलाबा होता, कारण ओहोटीला तिथे पायी जाता येतं आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर आहे.

अलिबागला बहिणीकडे गेले तेव्हा भाचीच्या कोळीवाड्यातल्या मैत्रिणीला ते प्रकरण वाचायला दिलं. चौदा वर्षांची पोर. वाचून म्हणाली, "मावशी, अवसेला मध्यरात्री पाणी भरलेलं असतं. ही सगळी बुडतील."

काल्पनिक जग आहे, तिथे काहीही चालतं, असं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिचा चेहरा पाहून ते देववेना. किनाऱ्यावरच्या मुलांनी हे पुस्तक वाचावं म्हणूनच तर मी लिहीत होते.

तिच्या आजोबांनी अनेक वर्षं तांडेलकी, म्हणजे होडीची कप्तानी, केली आहे. त्यांनी हिशेब शिकवला: तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला 3, अष्टमीला 6. अवसेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. त्या रात्री मी दुसरा चंद्र खोडला. दोन चंद्र असते तर माझ्या मुलांना बोटांवर हिशेब करून पळताच आलं नसतं.

मग वद्य अष्टमी धरली. संध्याकाळी 6 ला भरती, रात्री 12 ला ओहोटी, आणि चंद्रही मध्यरात्रीच्या सुमारास उगवणारा. अगदी बेताची वेळ! आजोबांनी नुसती मान हलवली. "अष्टमीला भांग असतो." उधाणाच्या दिवसांत पाणी जितकं चढतं तितकंच ओसरतं; भांगाला ते धड चढत नाही, धड ओसरतही नाही. वाट उघडी पडणारच नव्हती.

म्हणजे अवसच हवी, पण पहाटे. सव्वापाचची ओहोटी. पौषातल्या अवसेला मी स्वतः जाऊन उभी राहिले, बहीण आणि ते आजोबा सोबत. दिवसा पर्यटकांना नेणाऱ्या घोडागाड्या नव्हत्या, माणूस नव्हता. पायाखाली वाळूच्या घट्ट वळ्या, मधूनच घोट्यापर्यंत बर्फासारखं पाणी. आणि पाठीवर वारा! शाळेत "खारे वारे, मतलई वारे" पाठ केलं होतं, पण जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा अंगावर घेतला तेव्हा माझं गलबत चाललं. पहाटे त्याच वाऱ्यावर शीड उभारायचं आणि उजाडायच्या आत दूर निघून जायचं. भरती लागली की वाट मागे आपोआप बुडते, पहारेकरी किल्ल्यात अडकतात. माझ्या दोन चंद्रांना हे सुचलं नसतं.

बंडाचं कारणही बदललं. आधी एक भविष्यवाणी होती. पण 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत नौदलाच्या 'तलवार' या प्रशिक्षण केंद्रावर नौसैनिकांचं बंड सुरू झालं, त्यात निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या ही मोठी कारणं होती. मुंबईच्या लोकांनी त्या पोरांना खाणं पोचवलं होतं. मी भविष्यवाणी काढली आणि पहिल्या पानावर किडक्या डाळीचं ताट ठेवलं. नायिका ते ताट परत करते, एवढंच.

सुधारलेलं प्रकरण मे महिन्यात त्या मुलीला दिलं. तिने आधी बोटांवर तिथी मोजली. मग पुढे वाचलं. संपल्यावर विचारलं, "आणि चालता न येणारा तो लहानगा? तो किल्ल्यावरच राहिला?"

1946 च्या त्या बंडात 23 फेब्रुवारीला शरणागती झाली. पुढे कितीतरी नौसैनिकांना नोकरीतून काढलं, आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतलं नाही. हे मला ठाऊक होतं, तरी त्या लहानग्याला मी एका ओळीत मागे सोडून दिलं होतं.

आता तो नायिकेच्या पाठीवर आहे. त्यामुळे ती सगळ्यांत मागे पडते, आणि वाट बुडू लागते तेव्हा पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत आलेलं असतं.