तुम्ही विचारलंत म्हणून: केबल सरळ का नेत नाही?

माझं काम केबलींचे मार्ग आखायचं, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज किनाऱ्यावर आणलीत, मग तिथून केबल नकाशावर पट्टी ठेवून सरळ का नेत नाही?

पट्टी ठेवतोच हो. पण तिची दोन टोकं आमच्या हातात नसतात. इंग्लंडमधल्या नॉरफोकचं बघा. ‘नॉरफोक व्हॅन्गार्ड’ आणि ‘नॉरफोक बोरिआस’ या प्रत्येकी सुमारे १.८ गिगावॉटच्या म्हणून आखलेल्या समुद्री पवनचक्क्यांच्या प्रकल्पांची केबल हेझबरा गावाजवळ किनाऱ्यावर चढते आणि जमिनीखालून जवळपास ६० किलोमीटरवर नेक्टन गावाला जाते. एवढी वीज गावातल्या तारांना पेलत नाही; ती अतिउच्च दाबाच्या राष्ट्रीय वाहिनीलाच जोडावी लागते. कुठे जोडायची, हे ग्रिडशी, म्हणजे ही वाहिनी चालवणाऱ्यांशी, बोलून ठरतं. मधल्या गावांना ते नंतर कळतं.

दुसरं टोकही तितकंच अडचणीचं. हेझबराचे मातीचे कडे दरवर्षी समुद्र खातो. २०१३ साली तिथल्या किनाऱ्यावर आठ लाख वर्षांहून जुने मानवी पायांचे ठसे सापडले, तेही लाटांनी वरचा थर धुऊन नेल्यामुळेच. अशा ठिकाणी केबल पुरून चालत नाही. कड्यापासून बरंच मागे यंत्र उभं करून, कड्याच्या खालून थेट समुद्रापर्यंत आडवं भोक पाडतात.

मधली रेघ मात्र आमची. घरं, जुनी राई, पुरातत्त्वाच्या जागा टाळायच्या, संरक्षित वेन्सम नदी खालून ओलांडायची. नागमोडी रेघ दिसते ती यामुळे. पण खरं सांगू? रेघ कुठून जाते यापेक्षा खोदकामाचा पट्टा किती रुंद आहे, हा शेतकऱ्याचा प्रश्न जास्त मोठा असतो आणि तो आधीच सुटलेला असतो, ए.सी. (सतत दिशा बदलणारी वीज) की डी.सी. (एकाच दिशेने वाहणारी वीज) या निर्णयात.

लांब केबलमध्ये ए.सी. नेली की केबल स्वतःच प्रत्येक आवर्तनात भारित आणि रिकामी होत राहते. लांबी वाढेल तसा कामाच्या विजेला वाव कमी उरतो. मग केबली वाढवा, वाटेत मोठी यंत्रणा बसवा. शिवाय केबली तापतात, म्हणून त्यांच्यात अंतर हवं. व्हॅन्गार्डने २०१८ मध्ये डी.सी. पत्करली, तेव्हा काम करायचा पट्टा १०० मीटरवरून ४५ मीटरवर आला आणि किनाऱ्याजवळचं जादा केंद्रही टळलं. बोरिआससाठी लागणारे रिकामे पाइपसुद्धा त्याच खोदकामात टाकून ठेवायचं ठरलं. वरची काळी माती वेगळी, खालची वेगळी रचायची, निचऱ्याचे पाइप जोडून द्यायचे, हा सगळा खटाटोप एकदाच. माझ्या मते या प्रकल्पातला हा सर्वांत शहाणा निर्णय.

पण भार नाहीसा झाला नाही, नेक्टनला सरकला. डी.सी.ची पुन्हा ए.सी. करायला तिथे भल्यामोठ्या इमारती लागतात. दोन्ही प्रकल्पांच्या इमारतींचा परिसरावर एकत्रित परिणाम मंत्र्यांनी विचारात घेतला नाही, म्हणून नॉरफोकचा एक रहिवासी उच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हॅन्गार्डची परवानगी रद्द झाली. वर्षभराने ती पुन्हा मिळाली. मला त्या माणसाचा राग येत नाही. ६० किलोमीटरच्या शेतांची सोय झाली, ती नेक्टनच्या जिवावर.

आणि एवढं करूनही, वाटेतल्या रीफम गावाजवळ या केबलींना ‘हॉर्नसी थ्री’ या दुसऱ्या समुद्री पवनचक्क्यांच्या प्रकल्पाच्या केबली आडव्या जातात. त्या वेबर्नला किनाऱ्यावर चढून नॉरिचकडे निघालेल्या, म्हणजे कंपनी वेगळी, जोडणी वेगळी, खोदकामही वेगळं. तेव्हा ग्रिड प्रत्येक कंपनीशी स्वतंत्र बोलत होतं, म्हणून असं झालं. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे एकीला दुसरीच्या खालून, उष्णतेचं अंतर राखून, जास्त खोल जावं लागतं. तिथल्या शेतकऱ्याने मात्र दोन्ही कंपन्यांशी वेगवेगळं बोलायचं.