मेफ्लॉवरच्या वंशजांत नाव नोंदवताना

माझ्या अमेरिकन सासूबाईंच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगितली जात असे की आपण जॉन हाउलंडचे वंशज आहोत, म्हणजे १६२० साली इंग्लंडहून वसाहत करायला निघून ‘मेफ्लॉवर’ जहाजातून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरलेल्या १०२ प्रवाशांपैकी एकाचे. निवृत्तीनंतर त्यांनी ‘जनरल सोसायटी ऑफ मेफ्लॉवर डिसेंडंट्स’ या १८९७ साली प्लिमथ येथे स्थापन झालेल्या संस्थेचे सभासद व्हायचे ठरवले आणि अर्जाचे काम माझ्याकडे सोपवले. सून परदेशातून आलेली असली तरी कागदपत्रांच्या बाबतीत तिचा हात कुणी धरू शकणार नाही, हे माझ्या व्हिसाच्या आणि ग्रीन कार्डाच्या फायलींनी त्यांना पुरेसे पटवून दिले होते.

संस्थेचा नियम सांगायला सोपा आहे. मूळ प्रवाशापासून अर्जदारापर्यंतच्या प्रत्येक पिढीत अमुक व्यक्ती अमुक आईवडिलांचे अपत्य आहे, हे कागदाने सिद्ध झाले पाहिजे. घरात काय सांगितले जाते याला किंमत नाही, इंटरनेटवरच्या वंशवृक्षांना तर नाहीच. डीएनए चाचणीनेही काम भागत नाही, कारण ती नाते असल्याचे सांगते, पण ते कोणाकडून कोणाकडे उतरत आले हे सांगत नाही. वंश मुलाकडून आला की मुलीकडून, याने मात्र काहीही फरक पडत नाही. आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तांतांत मुलीचे नाव आलेच तर ‘अमक्या घराण्यात दिली’ एवढ्यावर तिची शाखा संपते. सासूबाईंच्या बारा पिढ्यांत आडनाव इतक्या वेळा बदलते की पहिल्या आडनावाशी शेवटच्याचा काही संबंध असेल असे कुणाला वाटणार नाही.

हाउलंड हा या प्रवाशांनी वसवलेल्या प्लिमथ वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याचा करारबद्ध नोकर होता. वादळात तो जहाजावरून समुद्रात फेकला गेला आणि पाण्यात लोंबणारा शिडाचा दोर हाती लागल्यामुळे वाचला, असे कार्व्हरनंतर गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डने लिहून ठेवले आहे. पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मे प्रवासी मरण पावले, त्यांत एलिझाबेथ टिली या मुलीचे आईवडील दोघेही होते. पुढे हाउलंडने तिच्याशी लग्न केले, त्यांना दहा मुले झाली आणि तो ऐंशीच्या पुढे जगला. या जोडप्यासाठी मला काहीच शोधावे लागले नाही, कारण संस्थेने पहिल्या पाच पिढ्यांच्या वंशावळी तपासून ग्रंथरूपाने छापलेल्या आहेत. त्यांच्या रुपेरी बांधणीमुळे सगळे त्यांना ‘सिल्व्हर बुक्स’ म्हणतात. पाचव्या पिढीच्या मुलांची नावेही त्यांत असल्यामुळे सहाव्या पिढीपर्यंतची वाट आयती मिळते. दुसऱ्या टोकाच्या तीन-चार पिढ्यांचे जन्म, विवाह आणि मृत्यूचे दाखले थोडे शुल्क भरले की नगरपालिकेतून किंवा राज्याच्या कार्यालयातून मिळतात.

अडचण मधल्या पिढ्यांची असते, म्हणजे साधारण १७८० ते १८५० या काळात जन्मलेल्या माणसांची. मॅसॅच्युसेट्समधली गावे सतराव्या शतकापासून जन्म-मृत्यू लिहीत आली आहेत आणि १८४१ पासून तिथे राज्य पातळीवर नोंदणी सुरू झाली. पण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर न्यू इंग्लंडमधली, म्हणजे मॅसॅच्युसेट्स धरून ईशान्येकडच्या राज्यांमधली, असंख्य कुटुंबे नव्या जमिनीसाठी पश्चिमेकडे गेली, सासूबाईंचे पूर्वज न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात गेले, आणि तिथे राज्याची नोंदणी सुरू व्हायला १८८० उजाडावे लागले. जनगणनेचा आधार घ्यावा, तर १८४० पर्यंतच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आहे आणि बाकीची माणसे वयाच्या रकान्यांतले आकडे म्हणून उरली आहेत. १८५० साली घरातल्या, गुलाम नसलेल्या प्रत्येक माणसाचे नाव लिहिले गेले, परंतु कुटुंबप्रमुखाशी त्याचे नाते काय, हा रकाना १८८० मध्ये आला. त्यामुळे एकाच छपराखाली राहणारी, एकाच आडनावाची अठरा वर्षांची मुलगी ही त्या घरची लेक आहे की पुतणी, हे तो कागद सांगत नाही. १८९० च्या जनगणनेची कागदपत्रे तर १९२१ च्या आगीमुळे जवळजवळ सगळीच गेली.

सातव्या पिढीतल्या बाईपाशी आमचे घोडे बराच काळ अडले. तिचे वडील स्वातंत्र्ययुद्धात सैनिक होते, एवढे ठाऊक होते. अशा सैनिकांच्या विधवांना १८३६ आणि १८३८ च्या कायद्यांनी निवृत्तिवेतनाचा हक्क दिला, पण त्यासाठी लग्न सिद्ध करावे लागे. सरकारी नोंद नसलेल्या कितीतरी बायकांनी घरच्या बायबलमध्ये लग्ने आणि मुलांचे जन्म लिहिलेली पाने फाडून अर्जासोबत पाठवली. ती पाने वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही त्या फायलींमध्ये आहेत. आमच्या फायलीत असे एक पान निघाले आणि त्यावर नऊ मुलांत सहावी म्हणून ही मुलगी होती. एका म्हातारीने पेन्शनसाठी आपल्या बायबलचे पान फाडले नसते तर त्या कुटुंबाची सरळ रेघ तिथेच तुटली असती.

आठव्या पिढीचा पुरावा एका अविवाहित भावाने दिला. न्यूयॉर्कमध्ये मृत्युपत्राविना कोणी वारले की सरोगेट कोर्टात, म्हणजे वारसाहक्काची कामे पाहणाऱ्या न्यायालयात, अर्ज करताना सगळ्या वारसांची नावे नात्यासह द्यावी लागत, आणि या भावाच्या मागे बायको-मुले नसल्यामुळे त्याच्या विवाहित बहिणी नवऱ्यांच्या नावांसह आणि राहत्या गावांसह एका कागदावर आल्या. वंशावळीच्या पुस्तकांत ‘निपुत्रिक’ म्हणून ज्याची बोळवण होते, तोच माणूस पुष्कळदा दुसऱ्यांचा वंश सिद्ध करून जातो.

या सगळ्याकडे मी कौतुकानेच पाहिले असे मात्र नाही. अशाच वंशजांच्या संस्थांपैकी ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ १८९० ची, ‘कलोनियल डेम्स’ १८९१ ची आणि मेफ्लॉवर सोसायटी १८९७ ची. दक्षिण आणि पूर्व युरोपातून लाखो लोक अमेरिकेत येत होते, त्याच वर्षांत जुन्या रहिवाशांना आपल्या जुनेपणाची प्रमाणपत्रे हवीशी वाटली, हा योगायोग नव्हे. ‘डॉटर्स’नी १९३९ साली मरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला आपले सभागृह नाकारले आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी त्या संस्थेचा राजीनामा दिला, हा इतिहास सासूबाईंनीच मला सांगितला. आज मेफ्लॉवरच्या वंशजांची संख्या जगभरात साडेतीन कोटींच्या घरात असावी, असा अंदाज नेहमी दिला जातो. त्यामुळे या नात्यात दुर्मीळ असे काही असेल तर ते रक्त नसून कागद आहे.

ज्या जागी प्लिमथ वसले तिथे वाम्पनोआग या मूळनिवासी लोकांचे पटुक्सेट नावाचे गाव होते आणि १६१६ ते १६१९ च्या साथीने ते ओस पडले होते. हाउलंड जगला त्या पहिल्या हिवाळ्यानंतर पन्नासएक वर्षांनी, १६७६ मध्ये, वसाहतवाल्यांशी झालेल्या युद्धात वाम्पनोआग नेता मेटाकॉम मारला गेला आणि त्याचे शिर प्लिमथमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ खांबावर टांगलेले होते. सासूबाईंच्या वंशावळीतली दुसरी-तिसरी पिढी त्याच वसाहतीत नांदत होती. या वसाहतीच्या पहिल्या सुगीशी जोडल्या जाणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला दर वर्षी प्लिमथच्या कोल्स हिलवर १९७० पासून मूळनिवासी लोक शोकदिन पाळतात. सभासदत्व मिळाल्यावर सासूबाई संस्थेच्या जेवणाला जाण्याआधी तिथे जाऊन आल्या. मला ते योग्य वाटले.

आता माझ्या मुलीला ज्युनिअर सभासद करायचे आहे. आजीची मंजूर झालेली फाइल आधाराला असल्यामुळे तिला फक्त शेवटच्या दोन पिढ्यांचे दाखले जोडावे लागतील. त्यांपैकी आमचा विवाहाचा दाखला महाराष्ट्रातला आणि मराठीत आहे, म्हणून राज्य शाखेच्या, अर्जांचे पुरावे तपासणाऱ्या हिस्टोरियनबाईंनी त्याचे प्रमाणित भाषांतर मागितले असून खालचा गोल शिक्का नेमका कोणत्या कार्यालयाचा, असेही विचारले आहे.