सकाळचे ऊन, संध्याकाळचे ऊन : कातळशिल्पाची छायाचित्रे जुळवताना

राजापूर तालुक्यातील एका सड्यावरच्या (कोकणातील खडकाळ पठारावरच्या) कातळशिल्पाची ड्रोनने घेतलेली छायाचित्रे एकमेकांवर बसवण्याचे काम मी हाती घेतले, ते त्याच्या झिजलेल्या रेषा नीट वाचता याव्यात म्हणून. जांभ्यात कोरलेली उथळ खाच तिरप्या उन्हातच उठून दिसते. तिचा एक काठ सकाळी ओळखू येतो तर दुसरा संध्याकाळी, आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रेषांसाठी डिसेंबरचे, दक्षिणेकडे कललेले ऊन लागते. डिसेंबरात मात्र सड्यावर वाळलेले गवत उभे असते, त्यामुळे मे महिन्यात उघडा असलेला कातळ ओळखूच येत नाही.

सडा जवळजवळ सपाट असल्याने गणित अवघड नव्हते. भिंगामुळे येणारा वाकडेपणा आधी काढून टाकला, की अशा पृष्ठभागाची दोन छायाचित्रे होमोग्राफीने, म्हणजे एका सपाट चित्रातील प्रत्येक बिंदू दुसऱ्या चित्रात कुठे पडेल हे सांगणाऱ्या गणिती सूत्राने, जुळतात आणि तिला किमान 4 जोडबिंदू (दोन्ही छायाचित्रांत ओळखू येणारे तेच बिंदू) पुरतात. बिंदू शोधण्यासाठी मी सिफ्ट ही पद्धत वापरली आणि चुकीच्या जोड्या गाळण्यासाठी 1981 पासून प्रचलित असलेली रॅन्सॅक. एकाच वेळेची छायाचित्रे यातून सहज जुळली. सकाळ आणि संध्याकाळ मात्र जुळेनात, कारण सिफ्ट प्रत्येक बिंदूभोवती उजेड कोणत्या दिशेने वाढतो याची नोंद ठेवते आणि ऊन पूर्वेकडून पश्चिमेला गेले की खाचेपाशी ती दिशाच उलटते. दिशा 360 ऐवजी 180 अंशांत मोजल्यावर, म्हणजे उजेड-अंधाराची बाजू दुर्लक्षित केल्यावर, जोड्या भरपूर मिळाल्या.

खरी अडचण त्यानंतर लक्षात आली, आणि माझ्या मते या कामातील ती सर्वांत फसवी गोष्ट आहे. सकाळी खाचेच्या पूर्वेकडच्या काठाखाली सावली असते, संध्याकाळी पश्चिमेकडच्या. संगणक काळ्यावर काळे बसवतो, त्यामुळे संपूर्ण छायाचित्र जवळपास खाचेच्या रुंदीइतके सरकते. आणि सगळ्याच खाचा एकाच बाजूला सरकत असल्याने रॅन्सॅकला त्यात वावगे काही दिसत नाही. वैद्यकीय प्रतिमांसाठी 1990 च्या दशकात रूढ झालेली परस्पर-माहितीची पद्धतही (एका चित्रातील उजेड-अंधारावरून दुसऱ्यातील किती ओळखता येतो, हे मोजून जुळवणारी) इथे तेवढीच फसू शकते, कारण तीही सावलीलाच आकृती समजते.

म्हणून जे वाचायचे आहे त्याच्याच आधारे जुळवणी करायची नाही, असे ठरवले. शिल्पाबाहेर कातळाला धक्का न लावता सपाट पांढरे पत्रे ठेवले आणि ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत हलू दिले नाहीत. मूळ आधार म्हणून शून्य सावलीच्या दिवसाचे छायाचित्र घेतले : 17 अंश अक्षांशाच्या आसपास मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या थोडे पुढेमागे सूर्य डोक्यावर येतो आणि खाचेच्या दोन्ही काठांवर सारखा उजेड पडतो. (ऑगस्टमध्येही असा दिवस येतो, पण तेव्हा सड्यावर पावसाशिवाय काही दिसत नाही.) सकाळ आणि संध्याकाळ परस्परांशी न जुळवता दोन्ही या दुपारशी जुळवली.

पत्रे त्या एका दिवसापुरतेच असल्याने डिसेंबरच्या छायाचित्रासाठी त्यांचा उपयोग नव्हता. तिथे गवतातून डोकावणाऱ्या कातळावरचे दगडफुलाचे पांढुरके डाग हाताने निवडले. ते सपाट असल्याने त्यांना सावली नसते. आसपासच्या चिऱ्यांच्या गडग्याचे कोपरे ठळक दिसत होते, पण ते जमिनीपासून उंच असल्यामुळे ड्रोनची जागा बदलली की तेही सरकल्यासारखे दिसतात, म्हणून ते टाळले. काही डाग जुळवणीत न वापरता तपासणीसाठी बाजूला ठेवले होते, आणि तिथला फरक खाचेच्या रुंदीच्या मानाने नगण्य आल्यावरच मी रेषा काढायला घेतल्या.