तीस महिने की त्रेचाळीस?

विलेपार्ल्यातली आमची तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा बिल्डरच्या माणसाने सभेत बार चार्ट लावून सांगितलं, "सीसी मिळाल्यापासून तीस महिन्यांत चावी." सीसी म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी. सभा सुटल्यावर पहिल्या मजल्यावरच्या अण्णांनी मला जिन्यात गाठलं. वय ८१. "अगं, तू विमा कंपनीत हेच करतेस ना? खरं सांग, किती महिने बाहेर काढायचे?"

त्याच रात्री लॅपटॉप उघडला. सुरुवात पर्टने केली. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी १९५८च्या सुमारास निघालेली ही पद्धत. प्रत्येक कामाचे तीन अंदाज घ्यायचे: सगळं सुरळीत झालं तर, साधारणपणे, आणि सगळंच बिघडलं तर. मधल्याला चारपट वजन देऊन बेरजेला सहाने भागायचं. साइट इंजिनियर असलेल्या मावसभावाने पाया, स्लॅब, प्लास्टर असे सगळ्यांचे आकडे दिले. उत्तर आलं ३२ महिने, म्हणजे बिल्डरच्या आकड्याजवळच.

पण एक गोष्ट खटकत होती. ओसीसाठी, म्हणजे राहायला जाण्याच्या दाखल्यासाठी, लिफ्टचं लायसन्स, अग्निशमन दलाची एनओसी आणि बाकीची पूर्तता, सगळं हातात लागतं. यातली तीन कामं वेळेत होण्याची शक्यता प्रत्येकी ८० टक्के धरली आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही असं मानलं, तरी तिन्ही वेळेत होण्याची शक्यता उरते ५१ टक्के. सगळ्यात उशिराचं काम तारीख ठरवतं, आणि पर्टच्या साध्या बेरजेत ते दिसतच नाही. पावसाचंही तसंच. खोदकाम ऑक्टोबरात सुरू झालं तर एक गणित, मेमध्ये झालं तर खड्ड्यात पाणी आणि वेगळंच गणित.

म्हणून कामं मोजणं सोडलं आणि इमारती मोजायला घेतल्या. महारेरा या राज्याच्या बांधकाम प्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मूळ तारीख, वाढवलेली तारीख आणि कागदपत्रं असतात. पार्ले ते अंधेरी पट्ट्यातले आमच्यासारखे, विमानतळामुळे उंचीची मर्यादा असलेले ३४ प्रकल्प निवडले. कोविडच्या काळात मिळालेली सरसकट मुदतवाढ वेगळ्या रकान्यात टाकली. सीसी ते ओसी किती महिने, एवढंच हवं होतं.

२१ इमारतींना ओसी मिळाली होती. त्यांची सरासरी ३६ महिने. मी तो आकडा अण्णांना सांगणारच होते, तेवढ्यात उरलेल्या तेरा दिसल्या. त्या अजून अपुऱ्या, काहींना तर पाच वर्षं होऊन गेली. त्या गाळल्या की हिशोबात फक्त वेळेवर सुटलेल्याच उरतात. विम्यात ही चूक कोणी करत नाही. जिवंत माणसाचं वय हे त्याचं आयुष्यमान नव्हे, पण "इतकी वर्षं तरी जगला" ही माहिती आहेच. १९५८ सालीच कॅप्लान आणि मायर यांनी यासाठी रीत दिली: प्रत्येक महिन्याला किती इमारती अजून चालू होत्या आणि त्यातल्या किती त्या महिन्यातही सुटल्या नाहीत, याचं प्रमाण काढून ते गुणत जायचं. अपुरी इमारत तिचा आजचा महिना येईपर्यंत मोजणीत राहते.

मध्यक, म्हणजे निम्म्या इमारती सुटायला लागणारा काळ, आला ४३ महिने. आणि ५८ महिन्यांनंतरही चारातली एक इमारत अपुरीच.

पुढच्या सभेत मी या प्रमाणांचा आलेख, उतरत्या जिन्यासारखा दिसणारा, पडद्यावर दाखवला. बिल्डरचा माणूस म्हणाला, "मॅडम, आमचा प्रकल्प वेगळा आहे." असेलही, पण त्या ३४ जणांनीही हेच सांगितलं असणार. समितीने तारखेवरचा वाद सोडला आणि करारात दोन गोष्टी मागितल्या: ओसी मिळेपर्यंत दरवर्षी वाढीसह भाडं, आणि त्यासाठी बँक गॅरंटी. दोन महिने ताणलं, शेवटी मिळालं. माझ्या मते ते आकडे त्या दोन ओळींसाठीच होते.

अण्णांनी अकरा-अकरा महिन्यांनी सामान हलवायचं नाही असं ठरवून स्टेशनजवळ लिफ्टचं घर थेट तीन वर्षांसाठी घेतलं. मुदत संपली तसा करार आणखी एक वर्ष वाढवून घेतला.

आज ३८वा महिना चालू आहे. बाहेरचं प्लास्टर झालंय. काल अण्णांचा फोन होता, "लिफ्टचं लायसन्स आलं का गं?" अजून नाही.