रिव्हर्स जमत नसेल तर वर चढू नका

नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यातल्या डोंगरवाटांवर फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, काढायची म्हटलं की खर्च होतो तो पुढे जाण्याच्या सामानावर. मोठे टायर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र), टपावर दिव्यांची पट्टी. पण एका गाडीपुरत्या वाटेवर खरी गोची होते ती समोरून भाजीची भरलेली पिकअप आली की, नाहीतर वळणापलीकडे दरड पडलेली दिसली की. मग दोनशे-तीनशे मीटर मागे यावं लागतं, एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला दरी. दिव्यांची पट्टी तिथे काही कामाची नाही.

सराव मोकळ्या मैदानात करा. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांच्या दोन रांगा लावा, मधलं अंतर गाडीच्या रुंदीपेक्षा दोन फूट जास्त, लांबी पन्नास मीटर आणि मध्ये एक वळण. थारची रुंदी आरसे सोडून १८२० मिमी, जिम्नीची १६४५. हा सात इंचांचा फरक वाटेवर फार मोठा असतो. दोन्ही आरसे इतके खाली वाकवा की मागचं चाक आणि त्याच्या बाजूची जमीन दिसेल. रिव्हर्स कॅमेऱ्यावर विसंबू नका. त्याला मागचं दिसतं, बाजूची कड दिसत नाही, आणि चिखल उडाला की तेही दिसत नाही. बाटली न पाडता सलग तीनदा मागे येता आलं की मग डोंगराकडे बघा.

आता वाटेची घडण. डोंगर कापून काढलेल्या वाटेचा आतला भाग मूळ खडकावर असतो आणि बाहेरचा भाग त्याच खोदकामातून निघालेल्या मुरमाचा भराव असतो. जून ते सप्टेंबर पाणी मुरून हा भराव आतून पोकळ होतो. वर गवत हिरवंगार आणि खाली माती वाहून गेलेली. पाऊस थांबल्यावरही ऑक्टोबरभर त्यावर भरवसा नको. म्हणून बाहेरचं चाक कडेपासून किमान दीड फूट आत ठेवायचं, आणि तेवढी जागा मिळत नसेल तर आधी उतरून चालत जायचं. काठीने कड ठोकून बघा, बद्द आवाज आला किंवा कडेला समांतर भेग दिसली तर तिथून गाडी नेऊ नका. आतल्या बाजूला पाण्याचा चर असतो. दोन्हीत निवड करायची वेळ आली तर चर बरा. डोंगराकडचं चाक चरात गेलं तर गाडी डोंगराला टेकते आणि पत्रा घासतो, एवढंच.

आडव्या उतारावर, म्हणजे गाडी एका अंगाला कलते तिथे, टपावरचं सामान सगळ्यात घातक. वीस लिटर डिझेलचा कॅन म्हणजे जवळपास सतरा किलो. तो टपावरून काढून मागच्या सीटच्या पायाशी बांधा. आणि सोबत्यांना खाली उतरवा, चालण्याने कोणी झिजत नाही.

खाली उभं राहून वाट दाखवणारा माणूस एकच हवा. चौघे चार बाजूंनी ओरडले की ड्रायव्हर कोणाचंच ऐकत नाही. हा माणूस गाडीपुढे पाच-सहा मीटरवर, डोंगराच्या अंगाला उभा राहतो. गाडी आणि दरी यांच्यामध्ये किंवा गाडी आणि कातळ यांच्यामध्ये कधीच नाही. डावं-उजवं हे शब्द बाद, कारण समोरासमोर तोंडं असली की त्याचं डावं ते तुमचं उजवं. ट्रकवाल्यांसारखं ‘ड्रायव्हर साइड’, ‘क्लीनर साइड’ म्हणा, किंवा सरळ ‘डोंगर’ आणि ‘दरी’. तो दिसेनासा झाला की ब्रेक. यात हुज्जत नाही.

ताफ्यात सगळ्यात रुंद गाडी दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. ती अडकली तर पुढच्या गाडीचं विंच लावता येतं आणि मागच्यांना रिव्हर्स घ्यायला वाव राहतो. शेवटच्या गाडीत अनुभवी माणूस हवा, कारण मागे फिरायचं ठरलं की तीच पहिली होते. चढावर एका वेळी एकच गाडी. ती माथ्यावर पोचल्याचं वॉकीटॉकीवर कळेपर्यंत दुसरीने पायथ्याशी थांबायचं.

समोरून गाडी आली तर नियम असा की उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची. त्यामागे कारणही आहे. उतरणारी गाडी मागे घेताना वर चढते, त्यामुळे ती पटकन थांबवता येते. चढणारी मागे घेतली तर वजन मागच्या चाकांवर जातं, स्टिअरिंगची पुढची चाकं हलकी पडतात आणि गाडी भरकटते. अर्थात रुंद जागा तुमच्या मागे वीस मीटरवर असेल आणि समोरची पिकअप टमाट्यांनी भरलेली असेल, तर नियम बाजूला ठेवून तुम्हीच मागे व्हा.

लो रेंज, म्हणजे गाडी संथ पण जास्त ताकदीने चालवणारी गिअरची खालची पट्टी, टाकायची ती गाडी पूर्ण थांबवून, आणि चढ किंवा उतार सुरू होण्याआधी. मध्यावर नव्हे. उतारावर फोर एल (चारही चाकं, लो रेंज), पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला. क्लच दाबला की इंजिनाचा अटकाव सुटतो आणि गाडी न्यूट्रलसारखी पळते. नवशिक्यांचा पाय घाबरून नेमका तिथेच जातो. चढावर इंजिन बंद पडलं तर ब्रेक दाबून धरा, हँडब्रेक ओढा, क्लच दाबून लो रेंजचा रिव्हर्स टाका, इंजिन सुरू करा. मग हँडब्रेक खाली करा, पायाचा ब्रेक हलकेच सैल करत क्लच हळूहळू पूर्ण सोडा, आणि गिअरने गाडी धरली की मगच ब्रेकवरून पाय काढा. स्टिअरिंग सरळ ठेवून आलात त्याच चाकोरीतून खाली या. अर्ध्या चढावर गाडी आडवी वळवली की ती उलटलीच म्हणून समजा.

गाडी फिरवायचीच असेल तर तोंड दरीकडे आणि पाठ डोंगराकडे करून, पुढे-मागे करत फिरवा. हे ऐकायला उलटं वाटतं, पण दरी डोळ्यांसमोर असली की अंतर कळतं आणि मागे चूक झाली तर बंपर मातीत रुततो. दरवेळी गिअर बदलताना चाकाला दगड लावायला एक जण हवाच.

टायरच्या हवेबद्दल सरसकट सल्ले फिरतात, त्यातले निम्मे वाळूतले असतात. आपल्याकडचा काळा पाषाण धारदार. हवा खूप कमी केली की टायरची बाजूची भिंत फुगून बाहेर येते आणि नेमकी तीच चिरते. खडकाळ वाटेला २२ ते २४ पीएसआय पुरे, चिखलाला १८ ते २०. पंधराच्या खाली गेलं तर आडव्या उतारावर टायर रिममधून निसटू शकतो.

अडकलेली गाडी झटक्याने ओढायचा लवचिक दोर कड्यावर वापरू नका. झटका लागला की सुटलेली गाडी कुठे जाईल सांगता येत नाही, आणि ओढणारीही घसरते. इथे फक्त विंच, संथपणे, आणि गाडीचं मागचं टोक दुसऱ्या पट्ट्याने डोंगराकडच्या भक्कम झाडाला किंवा खडकाला बांधून. शॅकल (दोर अडकवायची पोलादी कडी) पावणेपाच टनाचा, पिन पूर्ण कसून मग पाव फेरा सैल. विंचच्या दोरावर जाड गोधडी टाका.

हिमालयात जाणार असाल तर एक वेगळा हिशेब. नाशिकला ३२ भरलेली हवा ४५०० मीटरवर, तेवढंच तापमान असेल तर, मापकावर ३७ च्या आसपास दिसते, कारण बाहेरचा दाब कमी झालेला असतो. सकाळच्या थंडीत यातली बरीच वाढ गळून जाते. म्हणून हवा रोज पहाटे, गाडी हलवण्याआधी मोजा. आणि ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, डोकं दुखतंय म्हणणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग देऊ नका.

इकडे घरच्या डोंगरात पावसाळ्यानंतर उतारांवर नागली-वरई उभी असते. तिच्या बांधावरून चाक नेऊ नका. अंजनेरीचं पठार तर गाड्यांसाठी नाहीच, तिथल्या दुर्मीळ वनस्पती एका चाकाखाली जातात. वनहद्दीतल्या वाटेला आधी वनखात्याची परवानगी लागते.

खाली डांबराला लागलात की लिव्हर लगेच टू एचमध्ये (दोनच चाकांना जोर, नेहमीची रेंज) आणा, नाहीतर कोरड्या रस्त्यावर वळताना गाडी आखडते आणि गिअरवर ताण येतो. हवा परत ३२. टायरची आतली बाजू हाताने चाचपून बघा, चीर बहुधा तिकडेच सापडते. चाकांचे नट पुन्हा आवळा.