नीरफणसाचे पातेले आणि बिशप यांचा विमानतळ

ग्रेनेडा या छोट्या कॅरिबियन बेटाच्या विमानतळावर सामानाची वाट पाहत उभी असताना मी भिंतीवरचे नाव दोनदा वाचले: मॉरिस बिशप आंतरराष्ट्रीय विमानतळ. ज्या धावपट्टीवर आमचे विमान नुकतेच उतरले होते तिचे हवाई छायाचित्र अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी २३ मार्च १९८३ रोजी दूरचित्रवाणीवरून आपल्या देशाला दाखवले होते आणि क्युबन मजुरांनी बांधलेली ही धावपट्टी लष्करी कामासाठी असल्याचा इशारा दिला होता. पर्यटकांची मोठी विमाने उतरावीत म्हणून ती हवी आहे, असे ग्रेनेडाचे तेव्हाचे पंतप्रधान बिशप सांगत राहिले. सात महिन्यांनी अमेरिकी सैनिक हवाई छत्र्यांनी याच धावपट्टीवर उतरले. पुढे ती अमेरिकेच्याच मदतीने पूर्ण झाली आणि २००९ मध्ये तिला बिशप यांचे नाव देण्यात आले. चार दशकांचा एवढा इतिहास पायाखाली असताना आजूबाजूचे प्रवासी मात्र समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांची चौकशी करत होते, आणि खरे म्हणजे या धावपट्टीकडून बिशप यांची अपेक्षाही तीच होती.

ही गोष्ट फेब्रुवारी २०१९ ची आहे. माझा भाचा तेव्हा तिथल्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेत होता आणि मी त्याला भेटायला गेले होते. मुंबईहून लंडन आणि तिथून सेंट लुसियामार्गे ग्रेनेडा हा प्रवास इतका थकवणारा होता की पहिले दोन दिवस झोपेतच गेले. नंतरचे तीन दिवस ग्रँड आन्सच्या किनाऱ्यावर आणि गुयाव्हच्या जायफळाच्या कारखान्यात गेले. त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. किनारा सुंदर आहे, परंतु मोठे पर्यटक जहाज बंदराला लागले की तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि ती गर्दी मला मुळीच सोसली नाही. त्यापेक्षा अडीच पूर्व कॅरिबियन डॉलरच्या भाड्याची, चौघांच्या ओळीत पाचव्याला दाटीने बसवणारी आणि टपावर टकटक केले की थांबणारी तिथली मिनीबस मला कितीतरी अधिक आपलीशी वाटली.

मला लिहायचे आहे ते एका रविवारच्या दुपारविषयी.

भाचा ज्यांच्या घरी भाड्याने राहत होता त्या बाईंना सगळी गल्ली ‘टँटी’ म्हणते. तिकडे मावशीला किंवा काकूला हाच शब्द आहे. सात फेब्रुवारीचा स्वातंत्र्यदिन नुकताच होऊन गेला होता आणि लाल, पिवळ्या, हिरव्या पताका अजून दारोदारी होत्या. टँटींनी आमच्यासाठी ‘ऑइल डाउन’ करायचे ठरवले होते. मी डुकराचे मांस खात नाही असे भाच्याने सांगितल्यावर त्यांनी आमच्या पातेल्यात त्याऐवजी खारवलेला मासा घातला आणि त्याबद्दल एक शब्दही उच्चारला नाही. पाहुणचाराची ही पद्धत मला फार भावते.

ते पातेले भरताना मी शेजारी उभी राहिले होते. तळाशी खारा मासा, त्यावर नीरफणसाच्या जाड फोडी, हिरवी केळी, कणकेचे लांबट गोळे आणि सर्वांत वर अळूची पाने, अगदी आपल्याकडच्या फदफद्यासाठी निवडावीत तशी. मग नारळाचे दाट दूध आणि त्यात हळद. हळदीला तिथे ‘सॅफ्रन’, म्हणजे केशर म्हणतात. दूध आटून तळाशी नुसते तेल उरेपर्यंत झाकण काढायचे नाही. माझ्या आजोळच्या कोकणी स्वयंपाकघरातला वास त्या घरात भरला तेव्हा मला भरून आले. नीरफणसाचे झाड ब्रिटिशांनी १७९३ मध्ये प्रशांत महासागरातून कॅरिबियनमध्ये आणले ते मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात जगवण्यासाठी, हे टँटींनी फोडी रचता रचता सांगितले.

जेवताना रेडिओवर अमेरिकी गायक हॅरी बेलाफोंटे यांचा आवाज लागला आणि मी बोलू लागले. माझे वडील मुंबईच्या गोदीत कारकून होते आणि युनियनचे काम करत. बेलाफोंटे यांची १९५६ सालची तबकडी आमच्याकडे होती. रात्रभर बोटीत केळी चढवणारे जमैकाचे मजूर पहाटे हिशेबनिसाला हाक मारतात ते गाणे वडील गोदीतल्या माथाड्यांची आठवण काढत ऐकत असत. बेलाफोंटे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्मलेले, पण आईवडील जमैकन, आणि बालपणाची काही वर्षे जमैकातच, ब्रिटिश अमलाखाली गेलेली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीसाठी त्यांनी स्वतःचा पैसा ओतला. जानेवारी २००६ मध्ये ते काराकासला गेले, व्हेनेझुएलाचे अध्यक्ष ह्यूगो चावेझ यांच्या शेजारी बसून त्यांनी जॉर्ज बुश यांना जगातला सर्वांत मोठा दहशतवादी म्हटले आणि लाखो अमेरिकन तुमच्या क्रांतीच्या पाठीशी आहेत असे चावेझ यांना सांगितले. अभिनेते डॅनी ग्लोव्हरही त्या शिष्टमंडळात होते. वडिलांनी ती बातमी कापून वहीत चिकटवली होती. हे सगळे मी अभिमानाने सांगितले आणि पुढे असेही म्हणाले की, ज्या देशावर अमेरिकेने ‘इन्व्हेजन’, म्हणजे आक्रमण केले त्या देशातल्या लोकांना बेलाफोंटे यांचे म्हणणे सर्वांत आधी पटत असेल.

टँटींनी चमचा खाली ठेवला.

“आम्ही त्याला ‘इंटरव्हेन्शन’, म्हणजे हस्तक्षेप म्हणतो,” त्या म्हणाल्या, “काही जण सुटकेची मोहीम म्हणतात आणि माझी एक चुलत बहीण इन्व्हेजनच म्हणते. एकाच घरात तीन शब्द आहेत. तुम्ही कोणता वापरायचा ते विचारायला हवे होते.”

आवाजात राग नव्हता, पण मी गप्प झाले. नंतर पातेले थंड होईपर्यंत त्याच बोलत राहिल्या. १३ मार्च १९७९ रोजी बिशप यांच्या पक्षाने एरिक गेअरी यांचे सरकार उलथवले तेव्हा टँटी वीस वर्षांच्या होत्या. प्रौढ साक्षरतेच्या मोहिमेत त्यांनी संध्याकाळचे वर्ग घेतले आणि स्वतःच्या आजीला सही करायला शिकवले. बाळंतपणाची भरपगारी रजा मिळवून देणारा कायदा याच सरकारने केला, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. “परदेशातून मोठी मोठी माणसे येत. त्यांना आमच्या शाळा दाखवत, आणि शाळा खऱ्याच होत्या, मी तिथे शिकवत होते. पण माझा भाऊ रिचमंड हिलच्या तुरुंगात होता. चौदा महिने, खटल्याशिवाय. तिकडे कोणत्या पाहुण्याला नेले नाही, आणि कोणी न्या असे म्हटलेही नाही. मॉरिसवर मी प्रेम करत होते. निवडणूक घेऊ म्हणाला होता, ती त्याने कधी घेतली नाही. ही दोन्ही वाक्ये मी एका श्वासात म्हणू शकते, कारण मी इथे राहते.”

दुसऱ्या दिवशी त्या आपणहून आम्हाला फोर्ट जॉर्जवर घेऊन गेल्या. बंदरावरून चढ बराच आहे आणि त्या सावकाश चालत होत्या. तिथल्या चौकातल्या भिंतीवर एक फलक आहे. पक्षातल्या बर्नार्ड कोर्ड यांच्या गटाने बिशप यांना नजरकैदेत टाकले होते. १९ ऑक्टोबर १९८३ रोजी हजारो लोकांनी त्यांना घरातून सोडवून या किल्ल्यावर आणले. त्या गर्दीत गणवेशातली शाळकरी मुलेही होती आणि त्यांतली काही टँटींच्या वर्गातली होती. मुलांना परत न्यायला म्हणून त्या मागोमाग आल्या. मग चिलखती गाड्या आल्या आणि गोळीबार सुरू झाला. टँटींनी मला तटाचा एक कोपरा दाखवला आणि खाली वाकून पाहायला सांगितले. ती उंची पाहून माझ्या पोटात गोळा आला. तिथून लोकांनी उड्या टाकल्या होत्या, त्यांनीही टाकली होती, आणि डावा घोटा त्या दिवसापासून कधी पूर्ण बरा झाला नाही. बिशप, शिक्षणमंत्री जॅकलीन क्रेफ्ट आणि आणखी सहा जणांना या चौकातल्या भिंतीसमोर उभे करून गोळ्या घातल्या गेल्या. त्यांचे मृतदेह आजतागायत सापडलेले नाहीत. टँटींनी फलकावरच्या क्रेफ्ट यांच्या नावावरून बोट फिरवले, लहान मुलाच्या कपाळावरून फिरवावे तसे, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर चार दिवस दिसेल त्याला गोळी घालण्याच्या हुकमासह संचारबंदी होती. मोडलेला पाय घेऊन घरात अडकलेल्या टँटींनी २५ तारखेला अमेरिकी विमानांचा आवाज ऐकला तेव्हा टाळ्या वाजवल्या. त्याच दिवसांत अमेरिकी विमानांचे बाँब मनोरुग्णालयावर पडले आणि १८ रुग्ण मेले. त्यांची इन्व्हेजन म्हणणारी चुलत बहीण तिथे परिचारिका होती. २५ ऑक्टोबर हा तिथे आभारदिन म्हणून सुट्टीचा दिवस आहे आणि ही बहीण त्या दिवशी दार बंद करून घरात बसते.

किल्ल्यावरून उतरताना मला अचानक गोवा आठवला. नोव्हेंबर १९८३ मध्ये मी बारा वर्षांची होते आणि आजोळी आले होते. राष्ट्रकुल परिषदेसाठी दिल्लीत जमलेले राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी आग्वादला येणार म्हणून रस्ते नव्याने डांबरले होते आणि जिकडेतिकडे पोलीस होते. आम्हा मुलांना हिरवा ताफा पाहण्याचेच कौतुक होते. त्या परिषदेत ग्रेनेडाचाच विषय पेटलेला होता, हे मी फार उशिरा वाचले. कॅरिबियन देशांतही एकमत नव्हते. डोमिनिकाच्या युजेनिया चार्ल्स, बार्बाडोसचे टॉम ॲडम्स आणि जमैकाचे एडवर्ड सीगा यांनी अमेरिकेला साथ दिली होती, तर त्रिनिदादचे जॉर्ज चेंबर्स आणि गयानाचे फोर्ब्ज बर्नहॅम विरोधात होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी या कारवाईचा निषेध केला. ज्यांच्या नावाने हे मतदान झाले त्या बेटाची वस्ती जेमतेम लाखभर होती.

म्हणून आता मला बेलाफोंटे यांच्याविषयी जे वाटते ते मी वडिलांसमोर बोलू शकले असते तर बरे झाले असते. त्यांचा राग खरा होता. मळे, गोद्या आणि गोऱ्या साहेबांचे राज्य पाहिलेल्या कुटुंबातून तो आला होता, आणि इराकच्या युद्धाविषयीचा त्यांचा संताप मी आजही योग्यच मानते. पण चावेझ यांना त्यांनी जी निखळ प्रशस्ती दिली ती देण्याचा अधिकार त्यांचा नव्हता, व्हेनेझुएलात राहणाऱ्यांचा होता. पुढच्याच वर्षी तिथल्या सर्वांत जुन्या खासगी दूरचित्रवाहिनीचा परवाना सरकारने वाढवून दिला नाही, २००९ मध्ये अध्यक्षपदावरची मुदतीची मर्यादाही उठली, आणि मी ग्रेनेडात होते तोवर ३० लाखांहून अधिक लोक देश सोडून गेले होते. बेटांचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे. चावेझ यांच्या पेट्रोकॅरिब योजनेत तेलाचे काही पैसे आधी आणि उरलेले पंचवीस वर्षांत नाममात्र व्याजाने फेडायची सोय होती. ग्रेनेडाने ती घेतली, त्रिनिदाद आणि बार्बाडोसने नाकारली. टँटींना मी याविषयी विचारले तेव्हा, विजेचे बिल भरणाऱ्या माणसाला मदत कोणाकडून आली हे कळते आणि तिची परतफेड करायची आहे हेही कळते, एवढेच त्या म्हणाल्या. बडा देश उत्तरेचा असो की दक्षिणेचा, त्याच्या मदतीकडे या बेटांवरची माणसे याच नजरेने पाहतात, आणि साम्राज्यवादावरच्या कोणत्याही भाषणापेक्षा मला ती नजर अधिक शहाणी वाटते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये बातमी आली की अमेरिकेने मॉरिस बिशप विमानतळावर तात्पुरते रडार बसवू देण्याची विनंती ग्रेनेडाकडे केली आहे. व्हेनेझुएलाच्या आसपासच्या समुद्रात तेव्हा अमेरिकेचे हल्ले चालू होते. मी त्याच रात्री टँटींना फोन लावला. त्या अस्वस्थ होत्या. ज्या धावपट्टीवर लष्करी काम होणार म्हणून आमच्यावर सैन्य पाठवले त्याच धावपट्टीवर आता त्यांनाच जागा हवी आहे, असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मग त्यांनी विचारले, “तुमच्या वडिलांचे ते गायक आज असते तर काय म्हणाले असते?”

बेलाफोंटे एप्रिल २०२३ मध्ये वारले होते. त्यांनी विरोधच केला असता, असे मी सांगितले.

“केलाच असता,” टँटी म्हणाल्या, “आणि या वेळी मी त्यांच्या बाजूला उभी राहिले असते. पण बोलण्याआधी त्यांनी मला फोन करायला हवा होता, तुम्ही आज केलात तसा.”